रुळाने कूस बदलली

"रुळाच्या मधोमध चार मायक्रॉनचा खळगा," मापाडी म्हणाला. "ही दहावी मोजणी. आधीच्या नऊ मोजण्यांशी तंतोतंत जुळते."

शाल्मलीने आईकडे पाहिलं. आईने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला. चष्मा तसा स्वच्छच होता.

"अकराव्यांदा मोजू का?" मापाडीने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "तू तेच सांगणार."

"तेच सांगणार," मापाडी अभिमानाने म्हणाला.

हे सगळं चाललं होतं ते मोजघर जोतिबाच्या डोंगराच्या पोटात खोदलेलं होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत असलं, तरी आत बाराही महिने वीस अंश तापमान. ना कमी, ना जास्त. कारण साधं आहे. उष्णतेने वस्तू फुगते, थंडीने आकसते. एकाने एखादी वस्तू भर उन्हात मोजली आणि दुसऱ्याने पहाटे मोजली, तर दोघांची मापं जुळणार नाहीत आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवतील. म्हणून जगभरच्या कारागिरांनी ठरवून टाकलंय, की बारीक मापं वीस अंशांवर घ्यायची. कोल्हापूरच्या माणसाला वीस अंश म्हणजे थंडीच! त्यामुळे मोजघरात सगळे स्वेटर घालून वावरत.

मापाडी हा तिथला यंत्रमानव. बाजार समितीत धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात, त्यावरून कामगारांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. पण हा मापाडी काही माणसासारखा दिसत नसे. त्याचं मुख्य अंग म्हणजे ग्रॅनाइटची एक लांबलचक तुळई. तिच्या कडेने एक गाडी सरकत जाई आणि गाडीतून एक सुई बाहेर आलेली असे. सुईच्या टोकाला माणकाचा मोहरीएवढा मणी. हा मणी वस्तूला हलकेच टेकवत टेकवत मापाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि वस्तू कुठे फुगलीय, कुठे दबलीय ते सांगायचा. शिवाय वस्तू उचलायला त्याला दोन लांब हात होते, आणि बोलायला एक जरा जास्तच गंभीर आवाज.

त्याच्यासमोर आज जो रूळ होता, तो चंद्रावर जायचा होता. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एक मोठी दुर्बीण उभी राहत होती. या रुळावरून तिचा एक आरसा मागेपुढे सरकणार होता. रूळ वाकडा असला, तर आरसा सरकताना डोलणार आणि दूरच्या ताऱ्याचं चित्र फिसकटणार. म्हणून अट होती, की दोन मीटर लांबीत वाकडेपणा एका मायक्रॉनच्या आत हवा. मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणजे किती, ते एखादा केस हातात धरून बघा. तो साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.

"आई, पण चारच मायक्रॉन ना?" शाल्मली म्हणाली. "केसाच्या सतराव्या हिश्श्याएवढं!"

"तुझ्या केसावरून आरसा चालवायचा नाहीये गं," आई म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती.

आठ महिने आईने तो रूळ घासला होता. उष्णतेने जवळजवळ न फुगणाऱ्या खास सिरॅमिकचा तो पांढराशुभ्र रूळ. नवरात्राआधी मापाडीनेच तो मोजला होता आणि खळगा अर्ध्या मायक्रॉनच्याही आत भरला होता. त्यानंतर आईने फक्त एकदा शेवटचं पॉलिश केलं. आणि आज, दसरा होऊन दोन दिवस झाले नाहीत, तोवर हा चार मायक्रॉनचा खळगा!

"माझाच हात जड पडला असणार," आई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मधे जास्त दाबलं गेलं. आता दोन्ही टोकं चार मायक्रॉन खाली घासायला हवीत. माल रॉकेटतळावर न्यायला ड्रोन येणार पाचला. घासायला दोन तास तरी जातील."

"आणि घासून बिघडलं तर?"

"तर काय? घासून गेलेलं परत चिकटवता येत नाही. मग हा रूळ चंद्रावर जात नाही, एवढंच." आई हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "तू बाहेर आबांपाशी बस. खोक्याच्या फोमवर रेघा मार, म्हणजे मला कापायला सोपं जाईल. इथे जितकी माणसं कमी, तितकी उष्णता कमी."

मोजघराच्या बाहेर एक छोटी खोली होती. तिथल्या बाकावर आबा बसले होते. आबा म्हणजे आईचे वडील, डॉक्टर मकरंद. त्यांचं सगळं आयुष्य मोजमापाच्या शास्त्रात गेलं होतं आणि या मापाडीचा आराखडाही त्यांचाच. पण तसं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं. चार माणसं जमली की आबा पुस्तक तोंडासमोर धरत. काही विचारलं तर आधी "बहुतेक" म्हणत, मग उत्तर देत, आणि उत्तर देऊन झाल्यावर "पण तू एकदा बघून घे हं" असं हळूच जोडत.

शाल्मलीने त्यांना सगळं सांगितलं आणि फोम पुढे ओढून रेघ मारायला घेतली.

"आबा, दहा वेळा मोजलं आणि दहाही वेळा चारच आलं. म्हणजे चारच असणार ना?"

आबांनी पुस्तक खाली ठेवलं. "तुमच्या गल्लीत अजून लगोरी खेळतात का गं?"

"खेळतात की! पण तो राजवीर आला की मजाच जाते. त्याचा चेंडू दर वेळी लगोरीच्या डावीकडून जातो. दर वेळी! मागच्या पायरीवर एकाच जागी चेंडूचा डाग पडलाय."

"म्हणजे त्याचा नेम चांगला, की वाईट?"

शाल्मली उत्तर द्यायला गेली आणि थांबली. दर वेळी एकाच जागी चेंडू मारणं काही सोपं नसतं. तिला स्वतःला ते जमत नव्हतं. "चांगला आहे... पण लगोरी पडत नाही!"

"अस्सं. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दर वेळी तेच उत्तर येणं म्हणजे सातत्य. उत्तर खऱ्या मापाच्या जवळ असणं म्हणजे अचूकता. राजवीरकडे सातत्य आहे, अचूकता नाही. मापाडीने दहा वेळा मोजून आपलं सातत्य दाखवलं. अचूकता नाही दाखवली. म्हणजे बहुतेक तसं असावं."

"मग मापाडीला तपासायला त्याच्याहून चांगलं यंत्र आणू या!"

"आणि ते बरोबर आहे कशावरून?"

"त्याहूनही चांगलं यंत्र आणून."

"आणि ते?"

शाल्मलीच्या डोळ्यांसमोर एकामागे एक उभ्या राहिलेल्या यंत्रांची रांग आली. रांगेला शेवटच नव्हता. "छे! मग तर काहीच तपासता येणार नाही."

"येतं," आबा म्हणाले आणि तिच्या हातातल्या पट्टीकडे त्यांनी बोट दाखवलं. "ही पट्टी सरळ आहे का?"

ती शाळेची प्लॅस्टिकची पट्टी होती. उन्हाळ्यात खिडकीत राहिली होती बिचारी. डोळ्यांना तरी ती सरळच दिसत होती.

"एका कागदावर दोन ठिपके काढ, लांब लांब. पट्टीने जोड. हं. आता पट्टी रेघेवरून पलीकडे उलटी टाक, वहीचं पान उलटतो तशी. तीच कड त्याच दोन ठिपक्यांना लाव आणि परत रेघ मार."

शाल्मलीने रेघ मारली. दोन्ही रेघा एका ठिपक्यापासून निघाल्या, मधे एकमेकींपासून दूर झाल्या आणि दुसऱ्या ठिपक्यापाशी पुन्हा भेटल्या.

"अय्या! करंजी!"

"करंजीच," आबांनाही हसू आलं. "पट्टी सरळ असती, तर दुसरी रेघ पहिलीवरच बसली असती. पट्टीच्या कडेला पोट आहे. पहिल्यांदा ते वर आलं. पट्टी उलटली तसं पोटही उलटलं आणि खाली आलं. पण ठिपके काही उलटले नाहीत. म्हणजे जे उलटलं, ती पट्टीची चूक. आणि करंजी मधे जेवढी रुंद, त्याच्या बरोबर निम्मी पट्टीची चूक."

शाल्मली त्या करंजीकडे बघत राहिली. कुठलंही दुसरं, चांगलं यंत्र लागलं नव्हतं. वाकड्या पट्टीनेच स्वतःचा वाकडेपणा सांगितला होता.

"मग मापाडीला उलटा करू या!"

"दोन टनांचा आहे तो."

"मग रूळ उलटू! काहीतरी एक उलटलं म्हणजे झालं ना?"

आबांनी पुस्तक उचललं, परत ठेवलं. "सकाळपासून तेच माझ्या डोक्यात घोळतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण तो रूळ एकुलता एक आहे. उलटताना टवका उडाला तर? आणि उलटूनही चारच आलं, तर घासायला ठेवलेला वेळही वाया. केतकी, तुझी आई, आधीच घाबरलीय. त्यात मी जाऊन काहीतरी सांगायचं आणि माझंच चुकत असेल तर?"

"आणि मापाडीचं चुकत असेल तर?"

आत घासणीचं यंत्र सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. शाल्मलीने आबांचा हात धरला आणि सरळ दार उघडलं.

"आई, थांब! रूळ उलटून मोजायचा."

"काय?" रुळाला टेकण्याआधीच आईने घासणी बंद केली. "आबा, हे काय आता?"

"बहुतेक..." आबांनी सुरुवात केली आणि ते अडखळले.

"रूळ उलटता येत नाही," मापाडी मधेच म्हणाला. "पाळण्याला खुंटी आहे. उलटा ठेवणं नियमाविरुद्ध आहे."

पाळणा म्हणजे रूळ ज्यात ठेवायचा ती चौकट. तिच्या एका टोकाला आईने मुद्दाम एक खुंटी बसवली होती. मागे एकदा घाईत कुणीतरी असाच एक रूळ उलटा ठेवला होता आणि मापाडीची सुई मोडली होती. तेव्हापासून पुन्हा तशी चूक होऊ नये म्हणून ही खुंटी. रूळ बसेल तर एकाच बाजूने बसेल, दुसऱ्या बाजूने बसणारच नाही.

"ती खुंटी मी चूक टाळायला बसवलीय, शाल्मले," आई म्हणाली. "आणि आज, अशा वेळी, ती काढू?"

"पण आई, खुंटीमुळे मापाडी रुळाची एकच बाजू बघतो. तो चुकत असला, तरी दर वेळी एकसारखाच चुकणार. हे बघ!" शाल्मली भिंतीजवळ गेली. तिने डोळे मिटले, उजवा हात भिंतीकडे लांब केला आणि बोटांनी भिंत चाचपत ती चालू लागली. "मी मापाडी. भिंत म्हणजे रूळ. मधेच भिंत लांब गेली. आता मला काय कळणार? भिंत आत गेलीय, की मीच चालताना बाहेर सरकले? मला फक्त मधलं अंतर कळतंय. भिंतही दिसत नाही आणि माझी वाटही दिसत नाही."

आबांच्या आता एकदम अंगात आल्यासारखं झालं. "हं, आणि तीच भिंत तुझ्या डाव्या हाताला आणली तर? भिंतीतच खळगा असेल, तर तो डाव्या हातालाही खळगाच लागेल. पण वाट वाकडी असेल आणि तू मधे डावीकडे झुकत असशील..."

"तर आता मी भिंतीच्या जवळ जाईन! खळग्याऐवजी फुगवटा लागेल!"

"माझी वाट सरळ आहे," मापाडी म्हणाला. त्याचा आवाज जरा दुखावलेला वाटला. "काल, एकादशीला, काम सुरू करण्याआधी माझी तपासणी झाली. नमुन्याचा ठोकळा (ज्याचं माप आधीच पक्कं ठाऊक असतं असा तुकडा) मी अचूक मोजला."

"ठोकळा केवढा होता, बाळा?" आबांनी विचारलं.

"एक वीत."

"आणि ठेवला कुठे होता?"

"माझ्या डाव्या टोकाला."

"म्हणजे डाव्या टोकाला तू बरोबर आहेस. मधे?"

मापाडीचा हिरवा दिवा नुसताच लुकलुकत राहिला.

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग रुळाकडे. शाल्मलीला तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. तिने आठ महिन्यांत किती वेळा जेवण बाहेरच्या बाकावर उभ्या उभ्या उरकलं होतं, ते शाल्मलीला ठाऊक होतं. आता आई काय म्हणेल, याच्याकडे तिचे कान लागले होते.

"घासलं तर परत फिरता येत नाही," आई सावकाश म्हणाली. "उलटला, तर पुन्हा सुलटा करता येतो. टवक्याची भीती आहे, ती सांभाळून उचलला तर कमी होईल. घासण्याची भीती काही केल्या कमी होत नाही." तिने खिशातून पाना काढला. "शाल्मले, हातमोजे घाल. मापाडी, रुळाची टोकं तू धर. आबा, तुम्ही नुसते सांगा. आणि कृपा करून 'बहुतेक' म्हणू नका."

"प्रयत्न करतो," आबा म्हणाले.

खुंटी निघाली. मापाडीच्या दोन लांब हातांनी रुळाची दोन्ही टोकं धरली, आईने मधे आधार दिला. रूळ उचलला गेला तेव्हा शाल्मलीने श्वास रोखून धरला.

"टोकांची अदलाबदल नको हं," आबा म्हणाले. "डावं टोक डावीकडेच राहू दे. झोपलेलं माणूस कूस बदलतं ना, डोकं उशीवरच ठेवून, तसा फक्त लोळवा."

रुळाने कूस बदलली. घासलेली बाजू इतका वेळ डावीकडे, मापाडीच्या गाडीकडे तोंड करून होती, ती आता उजवीकडे गेली. एकदा आईचं बोट निसटलं, तेव्हा मापाडीने एका क्षणात पकड घट्ट केली आणि रूळ जिथल्या तिथे राहिला. शेवटी तो पाळण्यात अलगद विसावला. टवका उडाला नाही.

"लगेच मोजायचं?" शाल्मलीने विचारलं.

"नाही. आपण तिघंही गरम आहोत. ग्रॅनाइटलाही ऊब लागली असणार. सगळं निवू दे," आई म्हणाली आणि तिने दोघांना बाहेर काढलं.

ती वाट बघणं शाल्मलीला फार जड गेलं. आई बाकावर बसून खुंटी या हातातून त्या हातात करत राहिली. आबांनी पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही. पुन्हा आत जायची वेळ झाली तेव्हा तिघंही एकदमच उठले.

मापाडीने गाडीतली सुई रुळावरून पलीकडे नेली. इतका वेळ सुई उजवीकडे बघत होती, आता पलीकडून ती डावीकडे बघू लागली. वाट मात्र तीच. माणकाचा मणी टेकत टेकत निघाला. टोक. पाव लांबी. मध्य...

"खळगा," आई पुटपुटली. "खळगाच सांगणार तो."

"मधोमध," मापाडी म्हणाला आणि थांबला. तो कधी थांबत नसे. "मधोमध तीन पूर्णांक चार दशांश मायक्रॉनचा फुगवटा."

"फुगवटा!" शाल्मलीने टुणकन उडी मारली आणि आठवण होऊन लगेच स्वतःला आवरलं. उड्या मारल्या की जमीन हादरते.

"मला समजत नाही," मापाडी म्हणाला. "एकच रूळ. आधी खोलगट. आता फुगीर. दोन्ही मोजण्या मी काळजीपूर्वक केल्या. म्हणजे मी खोटं बोललो का?"

"नाही रे," आबा त्याच्या तुळईवर हात ठेवायला गेले आणि उष्णतेच्या विचाराने त्यांनी तो मागे घेतला. "तू दोन्ही वेळा खरंच सांगितलंस. पण प्रत्येक आकड्यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या, रुळाचा वाकडेपणा आणि तुझ्या वाटेचा वाकडेपणा. पहिल्यांदा त्यांची बेरीज झाली. रूळ उलटल्यावर वाटेचा हिस्सा वजा झाला. शाल्मली, खळगा अधिक धर, फुगवटा उणे धर. आता दोन्ही आकड्यांची बेरीज कर."

"चार, आणि उणे तीन पूर्णांक चार. बेरीज शून्य पूर्णांक सहा."

"वाटेचा हिस्सा एकदा अधिक, एकदा उणे. तो उडून गेला. उरला रूळ, पण दोनदा मोजलेला. म्हणून निम्मं कर."

"शून्य पूर्णांक तीन!" शाल्मली ओरडली. "आई, रूळ सरळ आहे! एकाच्या आत आहे! आणि उरलेलं तीन पूर्णांक सात मापाडीचं!"

आई मटकन स्टुलावर बसली. ती म्हणाली, "घासला असता, तर मी माझ्या हाताने वाकडा केला असता. आणि मापाडीने दहा वेळा मोजून सांगितलं असतं, की आता सरळ आहे."

"सांगितलं असतं," मापाडी हळू आवाजात म्हणाला. "पण नवरात्राआधी माझी वाट सरळ होती. ती वाकली कधी?"

हे खरंच कोडं होतं. शाल्मली वाकून तुळईच्या खाली बघू लागली. तुळईच्या मध्यावर, बाजूला, एक जाड लाल बोल्ट होता आणि तो तुळईला घट्ट भिडला होता.

"आई, हा लाल बोल्ट कसला?"

आईने कपाळावर हात मारला. "देवा! खंडेनवमी!"

खंडेनवमीला कारखान्यात सगळी यंत्रं धुऊनपुसून, हारफुलं वाहून पुजली जातात. मापाडीला भिंतीपासून पुढे ओढलं होतं, सगळ्यांना ओवाळता यावं म्हणून. ओढताना तुळई हलू नये म्हणून आईनेच तो बोल्ट आवळला होता. तो फक्त यंत्र हलवण्यापुरता असतो, नंतर सैल करायचा. पण आरती झाली, प्रसाद वाटला, पोरांनी झांजा वाजवून कान किटवले, यंत्र परत जागेवर सरकवलं आणि बोल्ट तसाच राहिला. दगडाची एवढी जाड तुळई, पण एका बोल्टने तिला जवळजवळ केसाच्या सतराव्या हिश्श्याएवढं वाकवलं होतं.

"मला हे ठाऊक नव्हतं," मापाडी म्हणाला. "पूजेसाठी मला बंद केलं होतं. सुरू झालो तेव्हा माझ्या गाडीत झेंडूची फुलं होती, एवढंच आठवतं."

आईने बोल्ट सैल केला. पुन्हा थोडं थांबून रूळ दोन्ही कुशींवर मोजला. एकदा खळगा शून्य पूर्णांक चार, एकदा शून्य पूर्णांक दोन. सरासरी पुन्हा शून्य पूर्णांक तीनच.

ड्रोन यायला आता थोडाच वेळ राहिला होता. आईने रुळाच्या मापपत्रावर लिहिलं: वाकडेपणा ०.३ मायक्रॉन. मग तिने त्याच्यापुढे लिहिलं: अनिश्चितता (मापाबद्दल उरलेली शंका) ०.२ मायक्रॉन. आणि लेखणी हातात धरून ती विचार करत बसली.

"शंका कशाला लिहायची?" शाल्मलीने विचारलं. "त्यांना वाटेल आपल्याला नीट मोजता येत नाही."

"मलाही तीच धास्ती वाटतेय," आई म्हणाली. "पण खोली कितीही जपली, तरी तापमान किंचित हलतंच. सुई जराशी थरथरतेच. ती शंका आहे, म्हणून आहे."

तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर रॉकेटतळावरच्या जमीला बागवान दिसल्या. चंद्रावरच्या दुर्बिणीची जोडणी त्यांच्याकडे होती. "काय केतकीताई, पाठवताय ना रूळ? मापपत्र दाखवा बघू."

आईने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. जमीलाताईंनी तो नाकाजवळ आणून वाचावा तसा वाचला.

"दोन्ही कुशींवर मोजलाय?"

"हो. वडिलांनी सांगितलं. आणि मुलीने भांडून करायला लावलं."

"वा! आणि शंका शून्य पूर्णांक दोन. म्हणजे फार तर अर्धा मायक्रॉन वाकडा, त्याहून जास्त नाही. आपली मर्यादा एकाची. झालं तर मग!" जमीलाताई दिलखुलास हसल्या. "अहो, नुसता आकडा लिहून माल आला ना, की मला झोप लागत नाही. कुणी शंका मोजून पाठवली, की मी निवांत. घ्या, बांधा खोकं. आणि मुलीला सांगा, सुट्टीत आमच्याकडे ये. भांडणारी माणसं कमी आहेत इथे."

शाल्मलीचे कान लाल झाले. आबांनी पुस्तक तोंडासमोर धरलं, पण त्याच्या वरून त्यांचे डोळे हसत होते.

पाचच्या सुमारास ड्रोन आला. खोकं चढवलं गेलं. आईने शेवटपर्यंत त्याच्यावरचा हात काढला नाही, आणि काढला तेव्हा एक लांब श्वास सोडला. पंख्यांच्या वाऱ्याने डोंगरउतारावरचं सुकलेलं गवत आडवं झालं, मग पुन्हा उभं राहिलं.

शाल्मली आणि आबा बाहेरच्या कठड्यापाशी उभे राहिले. उन्हात आल्याने आता स्वेटर टोचू लागले होते. पूर्वेला, अजून उजेड असतानाच, कोजागिरीच्या आधीचा फिकट, जवळजवळ भरलेला चंद्र वर आला होता. ड्रोन त्याच्या खालून दूर दूर जात एका ठिपक्याएवढा झाला.

"आबा, आपल्याला चंद्राची कायम एकच बाजू दिसते ना?"

"हो. हजारो वर्षं माणसं बघत आली, ती हीच एक बाजू."

"म्हणजे तो काही कूस बदलत नाही."

"आपल्यासाठी तरी नाही," आबा म्हणाले. "म्हणून तर तुझ्या आईचा रूळ पलीकडे निघालाय."

शाल्मलीने कपाळावर हाताची छपरी धरली आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.